मोटारीच्या इंजिनाचा कंप : कारणे व उपाय

(एक घाऊक धान्य व्यापारी, हुलसूर)



धान्याच्या व्यापाऱ्याने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटेल. मी यंत्रशास्त्राचा अधिकारी नव्हे. परंतु हुलसूरसारख्या गावी राहून आडत व घाऊक विक्रीचा धंदा करणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस रस्त्यावर जातो. आज बसवकल्याण, उद्या भालकी, परवा निलंग्यावरून लातूरचा बाजार असा आपला क्रम असतो. अशा स्थितीत मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. तराजू, बारदान व वही यांच्याइतकीच ती आपल्या धंद्याची गरज झाली आहे. तराजूची दांडी किंचित कलली तरी आपल्या ध्यानात येते. मोटार थरथरू लागली तर मात्र आपण दोहोंपैकी एक चूक करतो. एक तर 'चालते आहे ना, चालू द्या' म्हणून दुर्लक्ष करतो, किंवा घाबरून जाऊन गॅरेजवाला सांगेल तेवढा खर्च करून मोकळे होतो. या दोन्ही चुका मी केल्या आहेत. तिसरीही एक केली, ती अधिक लाजिरवाणी आहे. तिचा उल्लेख योग्य ठिकाणी करीन.

मोटारीचा विषय आपल्या समाजाला परका नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ला येथे मोटारींचा कारखाना उभा केला. पुढे 'पद्मिनी' या नावाने घरोघरी ओळखली गेलेली गाडी याच कारखान्याची. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. 'टेम्पो' हा शब्द त्या गाड्यांमुळेच आपल्या आडतबाजारात रुळला. ज्या समाजातील माणसांनी मोटारी घडविल्या, त्या समाजातील व्यापाऱ्याने निदान आपल्या मोटारीचे दुखणे ओळखण्याइतके ज्ञान मिळवावे, ही अपेक्षा वाजवी आहे.

इंजिन मुळात थरथरते का?

इंजिनाच्या पोटात इंधन व हवा यांचे ज्वलन होते. त्या ज्वलनाचा जोर दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, खाली ढकलतो व तोच जोर फिरत्या दांड्यामार्फत चाकांपर्यंत पोहोचतो. आपल्या मोटारींच्या इंजिनात दांड्याच्या दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरात एकदा ज्वलन होते. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते असे धरले, तर चार सिलिंडरांच्या गाडीत मिनिटाला १,६०० म्हणजे सेकंदाला सुमारे २७ ठोके पडतात. तीन सिलिंडरांच्या गाडीत हेच ठोके सेकंदाला २० व दोन सिलिंडरांच्या गाडीत सुमारे १३ होतात. ठोके जितके दाट, तितके ते एकमेकांत मिसळून जातात. जितके विरळ, तितके ते अंगाला जाणवतात.

म्हणून काही कंप हा दोष नसून त्या यंत्राचा स्वभाव असतो. १९८३ साली आलेली मारुती ८०० तीन सिलिंडरांची होती. आपल्या बाजारात 'छोटा हत्ती' म्हणून ओळखला जाणारा टाटा एस २००५ साली आला तो दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन घेऊन. अशा गाड्या उभ्या असताना थोड्या थरथरणारच. चार सिलिंडरांच्या मोठ्या गाडीतून उतरून अशा गाडीत बसलेल्या माणसाने लगेच मिस्त्रीकडे धाव घेऊ नये. काल नव्हता आणि आज आहे असा कंप, किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारा कंप, हाच दोष समजावा.

दोषाचे कारण समजण्यास एक दाखला देतो. चार हमाल मिळून एखादे जड यंत्र उचलून नेत असतात. चौघांची पावले एका ठेक्यात पडत असतील तर ओझे डळमळत नाही. त्यांतील एकाचा हात सुटला की बाकीचे तिघे ओझे नेतात खरे, पण प्रत्येक पावलाला ते हेलकावते. चारांपैकी एक सिलिंडर काम करीनासा झाला की इंजिनाचे नेमके हेच होते. उभ्या गाडीत सेकंदाला सुमारे सात वेळा ठोका चुकतो व साऱ्या गाडीचा सांगाडा हलतो. गॅरेजच्या भाषेत यालाच 'मिसिंग' म्हणतात.

कंप इंजिनाचा की चाकांचा?

उपायापूर्वी हा प्रश्न सोडविणे अवश्य आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, गिअर काढून टाकावा, हँडब्रेक ओढावा व इंजिन चालू ठेवावे. या स्थितीत कंप जाणवला तर दोष इंजिनाचा अथवा त्याच्या आधाराचा आहे. उभ्या गाडीला हळूहळू रेस देऊन पाहावी. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर कंप कमी-अधिक होत असेल तर निदान अधिक पक्के होते.

उभी गाडी शांत असून ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाच्या आसपासच स्टिअरिंग किंवा आसन थरथरत असेल, तर चाकांचे संतुलन बिघडले आहे असे समजावे. केवळ ब्रेक दाबताच कंप येत असेल तर ब्रेकची चकती अथवा ड्रम वाकडा झालेला असतो. पिकअपसारख्या मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीत भरल्या मालानिशी वेग घेताना खालून धडधड येत असेल, तर लांब शाफ्टचे क्रॉस अथवा मधले बेअरिंग झिजलेले असण्याचा संभव असतो.

आपल्या भागापुरती एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पावसाळ्यात शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत गाडी नेली की काळी चिकट माती चाकाच्या आतल्या बाजूस लिंपली जाते व तेथेच वाळते. पाव-अर्धा किलो माती एका बाजूस बसली तरी चाकाचा तोल जातो आणि हमरस्त्यावर गाडी थरथरू लागते. अशा वेळी गॅरेज गाठण्यापूर्वी चाके आतल्या बाजूने स्वच्छ धुवावीत. एक बादली पाण्यात दोष जातो.

पेट्रोल इंजिनातील दोष

पेट्रोल गाडीत ज्वलनासाठी ठिणगी, इंधन व हवा या तीन गोष्टी ठरलेल्या वेळी व ठरलेल्या प्रमाणात लागतात. तिन्हींपैकी एकीत उणे पडले की ठोका चुकतो.

ठिणगीचा विचार प्रथम करावा. स्पार्क प्लग झिजतो, त्याच्या टोकांतील अंतर वाढते किंवा त्यावर काजळी बसते. काढलेला प्लग पाहूनच जाणता मिस्त्री पुष्कळ सांगू शकतो. फिकट बदामी अथवा करडा रंग हे निरोगी ज्वलनाचे लक्षण होय. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन अधिक जात आहे, आणि तेलकट काळपटपणा असेल तर इंजिनाचे तेल ज्वलनकक्षात शिरत आहे असे समजावे. प्लग किती किलोमीटरनंतर बदलावयाचे व त्यांतील अंतर किती ठेवावयाचे, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते; तेच प्रमाण मानावे. प्लग चांगले असूनही इंजिन तापल्यावर मिसिंग सुरू होत असेल, तर ठिणगी देणाऱ्या कॉइलवर संशय घ्यावा. चालू इंजिनाच्या प्लगची वायर स्वतः ओढून पाहण्याचा जुना प्रयोग मात्र करू नये. त्या वायरीतील विजेचा दाब फार मोठा असतो.

इंधनात पाणी अथवा कचरा असणे हे दुसरे कारण. २०२५ सालापर्यंत देशभर पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे आठवडेच्या आठवडे एका जागी उभी राहणारी गाडी व बहुतांशी रिकामी टाकी ही जोडी टाळावी. जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्याही अधूनमधून तपासून घ्याव्यात.

हवेचे बोलायचे तर आपल्या दुकानाच्या आवारात उडणारी तुरीची व सोयाबीनची धूळ हवेच्या गाळणीचा श्वास लवकर कोंडते. शहरातील गाडीपेक्षा आपली गाळणी लवकर साफ करावी व लवकर बदलावी. उलटपक्षी, गाळणीच्या पुढील एखादी नळी चिरली व तेथून मोजणीबाहेरची हवा आत शिरू लागली, तरीही उभ्या गाडीत इंजिन अडखळते.

उंदीर आणि आपण

धान्य व्यापाऱ्याच्या गाडीला एक दुखणे असे आहे की जे मोटारीच्या पुस्तिकेत सहसा आढळत नाही. ते म्हणजे उंदीर. गोदामाच्या भिंतीलगत रात्री गाडी उभी राहते, बॉनेटखाली ऊब असते आणि डिकीत सांडलेले हरभऱ्याचे दाणे असतात. उंदीर वायरी कुरतडतात व सकाळी गाडी अकस्मात मिसिंग करू लागते. म्हणून काल उत्तम चालणारी गाडी आज थरथरू लागली, तर प्रथम बॉनेट उघडून वायरी पाहाव्यात.

यावर विष ठेवणे हा आपल्या व्रतात बसणारा उपाय नव्हे, आणि व्यवहारातही तो शहाणपणाचा नाही. मेलेला उंदीर इंजिनाच्या कपारीत सापडतही नाही. गाडीत सांडलेला दाणा रोज झाडून काढावा, गाडी गोदामापासून दूर व उजेडात उभी करावी, आणि वारा अडणार नाही अशा बेताने मिस्त्रीकडून जाळी बसवून घ्यावी. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारण्याची सवय ठेवावी. मांजर किंवा खार पंख्याच्या पट्ट्याजवळ निजलेली असते. दोन थापांनी तिचा जीव वाचतो व आपला पट्टाही वाचतो.

डिझेल इंजिनातील दोष

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. त्यामुळे येथे दोष शोधण्याची ठिकाणे निराळी आहेत. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचले, फिल्टर बदलताना नळीत हवा राहिली, अथवा नोझल नीट फवारा देईनासे झाले, तर इंजिन विषम ठोके देते. फिल्टरखालील स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढणे हे सोपे व स्वस्त काम आहे. ते वेळच्या वेळी करून घ्यावे. केवळ थंडीच्या सकाळी गाडी थरथरून पांढरट धूर सोडते व तापल्यावर शांत होते, असे असेल तर बहुधा ग्लो प्लग निकामी झालेला असतो. नेहमी गावातल्या गावात हळू चालणाऱ्या गाडीत धुराचा काही भाग परत इंजिनात नेणाऱ्या झडपेवर काजळी साचते. तिची सफाई केल्यानेही पुष्कळदा गुण येतो.

इंजिनाची गादी, आणि माझी चूक

इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसविलेले नसते. ते रबराच्या तीन-चार आधारांवर टेकलेले असते. यांस माउंटिंग किंवा गॅरेजच्या भाषेत 'फाउंडेशन' म्हणतात. इंजिनाचा स्वाभाविक कंप या गाद्यांतच जिरतो. काळाने रबर कडक होते, चिरते किंवा तेल गळून फुगते. काही गाद्यांत द्रव भरलेला असतो, तो गळून जातो. मग इंजिन निर्दोष असूनही सारी गाडी थरथरते, विशेषतः एअर कंडिशनर चालू करताच अथवा गिअर टाकताच.

आता ती तिसरी चूक सांगतो. आमची चार सिलिंडरांची डिझेल मोटार नऊ वर्षांची झाली असताना उभ्या जागी थरथरू लागली. शहरातील एका गॅरेजात नोझल व पंप यांचे काम करून घेतले. फरक पडला नाही. दुसऱ्याने क्लच बदलावयास लावला, आणि ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून गाडी चालवितो म्हणून हे झाले, असे सांगितले. मी ते खरे मानले. तो आमच्याकडे चौदा वर्षे होता. त्याने एकदाच सांगितले, "मालक, क्लचचं काम नाही हे. गाडी उभ्यानं हलती." मी ऐकून घेतले नाही आणि खर्चाचा काही भाग त्याच्या पगारातून दरमहा कापू लागलो.

कंप मात्र तसाच राहिला. दोन महिन्यांनी बसवकल्याणला एका लहानशा गॅरेजातील वृद्ध उस्तादांना गाडी दाखविली. त्यांनी बॉनेट उघडले, ड्रायव्हरला ब्रेक घट्ट दाबून गिअर टाकावयास सांगितले आणि स्वतः बाजूला उभे राहून पाहिले. क्लच किंचित सोडताच इंजिन एका अंगाला वीतभर उसळले. उस्ताद म्हणाले, "शेठजी, इंजिन चांगलं आहे. गादी फाटली आहे." दीड तासात नवी गादी बसली व गाडी पूर्ववत शांत झाली. आधी झालेल्या खर्चाच्या मानाने गादीची किंमत नगण्य होती.

परतताना गाडीत कोणी बोलले नाही. घरी आल्यावर कापलेली सर्व रक्कम मी त्याच्या हातावर ठेवली. ती त्याने घेतली, पण चौदा वर्षांत माझ्याविषयी जो भरवसा त्याच्या मनात होता, तो रकमेबरोबर परत करता येत नव्हता. त्या वर्षी पर्युषणाच्या अखेरीस क्षमापनेच्या दिवशी मी सर्वांत प्रथम त्याच्याकडे गेलो. म्हणून हा लेख.

गादीची परीक्षा वरीलप्रमाणेच करावी; मात्र तेव्हा गाडीच्या पुढे व मागे कोणीही उभे राहू नये, आणि हे काम जाणत्या माणसाकडूनच करवावे. थोडीशी हालचाल स्वाभाविक असते; उसळी मारणे हा दोष होय. गादी बदलताना गाडीच्या कंपनीने ठरविलेलीच घ्यावी. कडक रबराची स्वस्त नक्कल नवी असूनही कंप जिरवीत नाही. तेल गळून गादी खराब झाली असेल तर आधी गळती बंद करावी, अन्यथा नव्या गादीचीही तीच गत होईल.

उरलेली कारणे

उभ्या गाडीत काही नसून क्लच सोडताना गाडी गचके देत असेल, तर क्लच प्लेट किंवा फ्लायव्हील झिजलेले असते. पंख्याचा अथवा डायनामोचा पट्टा चिरला किंवा त्याच्या पुलीचे बेअरिंग गेले तरी कंपाबरोबर किरकिर ऐकू येते. टायमिंगचा पट्टा वा साखळी एखाद्या दात्याने सरकली तर झडपांच्या उघडझापीची वेळ चुकते. हा दोष अंगावर काढणे धोक्याचे असते. सर्वांत शेवटी झडप जळणे, रिंगा झिजणे, हेड गॅस्केट फुटणे हे खोलातील दोष येतात. त्यांत सिलिंडरातील दाब कमी होतो व तो मोजण्याचे साधन मिस्त्रीकडे असते. दाब मोजल्याविना कोणालाही इंजिन उघडू देऊ नये.

तपासणीचा क्रम

आपण वही तपासतो त्याच रीतीने गाडी तपासावी. रोजमेळ जुळला नाही म्हणून कोणी सारी खतावणी नव्याने लिहीत नाही. चूक कोणत्या पानावर आहे ते आधी शोधतो. तद्वतच पुढील क्रम ठेवावा.

(१) कंप केव्हा येतो ते कागदावर लिहावे : गाडी उभी असताना की चालताना, थंड असताना की तापल्यावर, गिअर टाकताना की ब्रेक दाबताना. गाडी रोज चालविणाऱ्यास हे प्रथम विचारावे.

(२) बॉनेट उघडून वायरी, नळ्या व पट्टे डोळ्यांनी पाहावेत; चाके धुवावीत.

(३) हवेची गाळणी, प्लग व डिझेल फिल्टर तपासावेत.

(४) गेल्या दशक-दीड दशकातील बहुतेक गाड्यांत दोषाची नोंद गाडी स्वतःच ठेवते. स्कॅनर लावल्यास 'पी ०३०१' म्हणजे पहिला सिलिंडर ठोका चुकवतो, 'पी ०३०२' म्हणजे दुसरा, अशी खूण मिळते. ही खूण सिलिंडर दाखविते, कारण दाखवीत नाही. ते माणसानेच शोधावयाचे असते.

(५) इंजिनाच्या गाद्यांची परीक्षा करावी.

(६) त्यानंतरच क्लच, नोझल व पंप यांकडे वळावे आणि अखेरीस सिलिंडरातील दाब मोजावा.

बदललेला जुना भाग प्रत्येक वेळी मागून घ्यावा. ज्याने खरोखर भाग बदलला त्याला तो दाखविण्यात संकोच वाटत नाही.

काही प्रसंगी मात्र क्रमही पाहू नये; गाडी सुरक्षित जागी थांबवावी व इंजिन बंद करावे. कंपाबरोबर तेलाचा लाल दिवा लागला, उष्णतेचा काटा चढला, इंधनाचा वास आला, आतून धातूचा ठोका ऐकू आला, अथवा इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला, तर पुढे जाणे म्हणजे लहान खर्चाचा मोठा खर्च करणे होय. पिवळा दिवा उघडझाप करतो तेव्हा न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाऊन तेथील महागडे शुद्धीकरण यंत्र जाळीत असते. दीर्घकाळच्या कंपाने धुराच्या नळीचे सांधेही फुटतात व विषारी वायू गाडीत शिरू शकतो. त्यामुळे बंद गोदामात इंजिन चालू ठेवून तपासणी कधीही करू नये.

सारांश, कंप हे इंजिनाचे गाऱ्हाणे आहे. ते नीट ऐकून घेणाऱ्याला ते आपले स्थान दाखविते. आपण व्यापारी मालाचा दर सांगण्यापूर्वी मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो. गाडीवर खर्च करण्यापूर्वीही तसेच पाहावे. आणि दोष सापडेपर्यंत तो कोणा माणसाच्या माथी मारू नये, कारण इंजिनाची गादी दीड तासात बदलता येते, परंतु आपल्या भरवशावर राहणाऱ्या माणसाचे मन एकदा फाटले तर ते सांधण्यास फार काळ लागतो.

जय जिनेंद्र!